पाणी कुठे जाते ते सांगणारा पंप: रेडिएटर प्रेशर टेस्टर संचाचे परीक्षण

गाडी ‘पाणी खाते’, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. जणू तिला भूक लागते आणि पोट भरले की प्रश्न मिटतो. माझी अकरा वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक गेल्या पावसाळ्यानंतर आठवड्याला साधारण पाव लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) खाऊ लागली होती, आणि मी दर रविवारी त्याच्या राखीव बॉटलमध्ये तेवढी भर घालून तिची समजूत काढत होतो. कराडहून चिपळूणला बहिणीकडे आमचे नेहमी जाणे-येणे असते. जाताना कुंभार्ली घाट उतरायचा असल्याने काही जाणवत नसे. परतताना मात्र पोफळी मागे पडून चढण लागली की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागे, आणि माथा येईपर्यंत एसी बंद करून, हीटर पूर्ण सोडून, काचा खाली घेऊन घाम पुसत बसण्याची वेळ येई. हीटरची जाळी म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच असल्याने या उपायाने काटा दोन रेघा खाली येतो खरा, परंतु डिसेंबरातही सोबत बसलेल्या माणसांचा संयम फार काळ टिकत नाही.

या काळात मी तीन गॅरेजांत गेलो. पहिल्या ठिकाणी रेडिएटरचे झाकण बदलले, दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरले, आणि तिसऱ्या ठिकाणी हेड गॅसकेट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि त्याखालचा सीलचा थर म्हणजे गॅसकेट) गेल्याचे सांगून हेड खोलणे, त्याचा पृष्ठभाग सपाट करण्याचे फेसिंग व जोडणी मिळून अठरा हजारांचा अंदाज हातावर ठेवला. तिघांच्याही हाताला कामाची सवय होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तिघांपैकी एकानेही निदान सांगण्यापूर्वी गाडीवर एकही मोजमाप घेतले नव्हते. अठरा हजारांच्या त्या आकड्याने मला घरी आणून बसवले, आणि दोन दिवसांनी मी ४,६०० रुपयांना रेडिएटर प्रेशर टेस्टरचा संच मागवला. हे परीक्षण त्या संचाचे आहे. गेल्या सहा महिन्यांत तो मी माझ्या, मावसभावाच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून तीन गाड्यांवर वापरला असून, तो काय सांगतो यापेक्षा तो काय सांगत नाही हे समजायला मला अधिक वेळ लागला. संचावर छापलेले नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण हुबेहूब तीच पेटी आणि तेच रंगीत नग मला वेगवेगळ्या नावांखाली विकायला असलेले दिसले.

पेटी प्लास्टिकची, अठ्ठावीस नगांची आहे. मुख्य वस्तू म्हणजे सायकलच्या पंपासारखा एक आखूड हातपंप, त्यावर बसवलेला गेज, साधारण मीटरभर लांबीची नळी आणि टोकाला झटक्यात बसणारी कपलिंग. उरलेले बहुतेक नग म्हणजे निरनिराळ्या गाड्यांच्या तोंडाला बसणारे ॲडॉप्टर. रेडिएटरचे किंवा एक्स्पान्शन टँकचे झाकण काढून त्याच्या जागी हे बसवायचे, नळी जोडायची आणि पंप मारायचा. यांपैकी माझ्या उपयोगाला आजवर चारच आले. पंपाची बांधणी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, दट्ट्या सरळ चालतो आणि हवा सोडण्याची कळ अडकत नाही; निळ्या ॲडॉप्टरचे रबरी वॉशर मात्र पहिल्याच दिवशी कडेने फाटलेले होते. ते तसेच वापरले असते तर गाडी गळते आहे की टेस्टर, हे कळलेच नसते. म्हणून संच घरी आल्यावर गाडीकडे जाण्यापूर्वी प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावा. सोबत आलेल्या एका पानाच्या माहितीपत्रकात हे सांगितलेले नाही. किंबहुना त्या पानात पंप मारा आणि गेज पाहा यापलीकडे फारसे काही नाही.

हवा भरून नेमके काय साधते, हे समजण्यासाठी कूलंटच्या चक्राकडे थोडे पाहावे लागते. इंजिनाभोवतीचे पाणी नुसते फिरत नाही, ते दाबाखाली फिरते. झाकणावर १.१ किंवा ०.९ असा जो आकडा कोरलेला असतो, तो किती दाबाला झाकणाची स्प्रिंग हार मानून पाणी बॉटलकडे सोडील, हे सांगतो; १.१ म्हणजे गेजवर साधारण साडेपंधरा पीएसआय (दाब मोजण्याचे एकक). या दाबामुळे साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे कूलंट मिसळले तर ही मर्यादा आणखी वर जाते. दाब नसेल तर हे सारे गणित कोसळते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात उघड्या पातेल्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि निरोगी इंजिन त्याच तापमानाच्या आसपास चालत असते. म्हणजे झाकण दाब धरत नसेल तर घाट चढून गेलेल्या इंजिनाला उकळी फुटायला फारसे कारण लागत नाही. गळतीने केवळ पाणी कमी होते असे नाही, दाबही जातो, आणि बॉटल भरलेली असूनही गाडी घाटात का तापते याचे उत्तर पुष्कळदा त्या गेलेल्या दाबात असते.

माझ्या गाडीवर पहिली चाचणी एका शनिवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर केली. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दर उन्हाळ्यात कोणीतरी हात भाजून घेतेच. म्हणून इथे पुन्हा लिहून ठेवतो. झाकण काढले, पाणी तोंडापर्यंत भरले, ॲडॉप्टर बसवला आणि पंधरा पीएसआयपर्यंत दाब भरला. झाकणावरील आकड्याच्या वर जाण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या ठिसूळ झालेल्या असतात आणि नसलेली गळती आपल्याच हाताने निर्माण होऊ शकते. दहा मिनिटांत काटा तेरावर आला, वीस मिनिटांत अकरावर. अर्थात गळती बाहेरची असो वा आतली, ती होती, आणि आता ती आकड्यात मोजता येत होती.

गाडीखाली मात्र एक थेंबही नव्हता. मी खाली जुनी वर्तमानपत्रे पसरली, दाब पुन्हा पंधरावर नेला आणि विजेरी व दाढीचा छोटा आरसा घेऊन शोधू लागलो. सुमारे अर्ध्या तासाने खालच्या होज पाइपच्या क्लिपजवळ ओलसर कड दिसली. ही थंड गळती होती: इंजिन गार असताना रबर आणि धातू आकसतात, पट्टीची जुनी क्लिप पुरेशी आवळून धरत नाही, आणि गाडी गरम झाली की फट आपोआप मिटते, त्यामुळे गरम गाडी गॅरेजला नेऊन दाखवली तर तिथे काहीच सापडत नाही. क्लिप काढून स्क्रूची नवी क्लिप लावली आणि निदान झाले अशा समाधानात हात धुणार होतो, तेवढ्यात पुन्हा एकदा दाब भरून पाहण्याची बुद्धी झाली, हे बरे झाले. काटा आता हळू उतरत होता, पण उतरत होता. वीस मिनिटांत पंधरावरून साडेतेरा.

दुसरी गळती सापडायला तो पूर्ण दिवस गेला. पंप जोडलेलाच ठेवून, दर तासाला थोडा दाब भरत मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, तेव्हा वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात गुलाबी ठिपके उमटलेले दिसले. त्यांच्या सरळ वर आरसा धरला तर वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, अंगाला वाळलेल्या कूलंटची गुलाबी-पांढरी खपली होती. वॉटर बॉडीच्या दांड्यावरचे सील झिजले की पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून तिच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आणि त्यातून पाझर सुरू झाला की वॉटर बॉडीचे दिवस भरले असे समजावे. चालत्या गाडीत हा पाझर तापलेल्या भागांवर पडून वाफ होऊन उडून जात होता, म्हणून तीन महिने जमिनीवर डाग पडला नव्हता आणि म्हणूनच तिसऱ्या गॅरेजला ‘बाहेर गळत नाही म्हणजे आत जाते’ असा निष्कर्ष काढावासा वाटला. तर्क म्हणून तो वाईट नव्हता. फक्त तो तपासलेला नव्हता. वॉटर बॉडी बदलायला मजुरीसह सव्वातीन हजार रुपये लागले आणि हेड आहे तिथेच राहिले.

याहून मोठे आश्चर्य झाकणाने दिले. संचात झाकण तपासण्यासाठी एक दुतोंडी ॲडॉप्टर येतो. एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला झाकण, आणि झाकण किती दाबाला उघडते ते गेजवर थेट वाचता येते. पहिल्या गॅरेजने बसवलेले नवेकोरे झाकण, ज्यावर १.१ असे स्पष्ट कोरलेले आहे, ते नऊ पीएसआयलाच सुटले. तीनदा पाहिले, रबर ओले करून पाहिले, उत्तर तेच. मग गाडीच्या कप्प्यात पडून असलेले जुने, गंजलेल्या कडेचे झाकण लावून पाहिले, तर ते चौदापर्यंत निवांत दाब धरून होते. म्हणजे गळतीचे पहिले निदान करताना शाबूत झाकण काढून त्याच्या जागी कच्चे झाकण बसवले गेले होते आणि घाटात काटा चढण्याचा त्रास त्यानंतर वाढला होता, हे माझ्या नोंदवहीतल्या तारखांशी जुळले. नवा भाग म्हणजे चांगला भाग, ही समजूत मी त्या दिवशी सोडली. झाकणाला दाबाच्या झडपेखेरीज आणखी एक छोटी झडप असते, जी इंजिन थंड होताना बॉटलमधले पाणी परत आत घेते. ती चिकटली की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. ही झडप मात्र या संचाने तपासता येत नाही, ती बोटाने उचलून पाहावी लागते.

इथवर वाचून हा पंप सर्व रोगांवर उतारा आहे असे वाटेल, म्हणून दुसऱ्या गाडीची हकिकत सांगणे आवश्यक आहे. माझ्या मावसभावाची डिझेल जीप उसाच्या हंगामात शेतात आणि एरवी घाटात चालते. ती तापत होती, पण पाणी मुळीच कमी होत नव्हते. मोठ्या उत्साहाने मी टेस्टर लावला. काटा पंधरावर गेला आणि तासभर जागचा हलला नाही. चक्र घट्ट होते आणि तरीही गाडी तापत होती. हा पंप चक्रात पाणी टिकते का, एवढेच सांगतो. ते पाणी फिरते का, रेडिएटरमध्ये त्याची उष्णता वाऱ्याला मिळते का, पंखा वेळेवर फिरतो का, यांपैकी कशाविषयीही तो बोलत नाही. थंड, बंद इंजिनावर केलेल्या चाचणीकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

तिथे मदतीला आल्या त्या दोन स्वस्त वस्तू. एक म्हणजे ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) लावायचे ब्लूटूथ रीडर, ज्यामुळे कूलंटचे खरे तापमान फोनवर अंशांत दिसते. ही सोय किती महत्त्वाची आहे ते सहसा लक्षात येत नाही, कारण अलीकडच्या अनेक गाड्यांतला काटा चालकाला घाबरवू नये म्हणून मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान पंचवीस-तीस अंशांच्या पट्ट्यात वरखाली झाले तरी तो मध्यावरच राहतो आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. दुसरी वस्तू म्हणजे लांबून तापमान मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटर. ते काळ्या रबरी होजवर धरावे. चकचकीत ॲल्युमिनियमवर धरले तर फसवे, पुष्कळ कमी आकडे दाखवते. हे न कळल्यामुळे मी सुरुवातीचे दोन दिवस जीपचे इंजिन साठ अंशांवर चालते असे मानत होतो.

मावसभावाशी बोलताना कळले की दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. ‘दादा, हा थंड देशांसाठी असतो, आपल्या हवेला लागत नाही,’ असे त्याला सांगण्यात आले होते. हे वाक्य महाराष्ट्रात मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते कुठल्या एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कुपीवर चालणारी झडप. इंजिन गार असेतो ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, आणि बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगले की दांडा सरकतो व वाट उघडते. मात्र पुष्कळ इंजिनांत हीच झडप आणखी एक काम करते: रेडिएटरची वाट उघडताना ती मागच्या बाजूने बायपासची वाट बंद करते. झडपच काढून टाकली तर बायपास कायमचा उघडा राहतो, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातो, आणि नेमकी चढणीला, जेव्हा थंडाव्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, गाडी तापते. बायपासची रचना वेगळी असलेल्या गाड्यांत याच्या उलट घडते. इंजिन कधी पुरेसे गरमच होत नाही, संगणक जादा इंधन सोडत राहतो, मायलेज उतरते आणि ओबीडीवर पी०१२८ हा कोड येतो. थर्मोस्टॅट काढणे हा उपचार दोन्ही प्रकारांत चुकीचाच ठरतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी, झाकणाचा धडा ताजा असल्याने, मी तो स्वयंपाकघरात तपासला. पातेल्यात पाणी, दोऱ्याने अधांतरी टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी संचातलेच थर्मामीटर. दोन्ही पातेल्याच्या तळाला टेकता कामा नयेत. ८२ कोरलेली झडप ८३ अंशांना किलकिली झाली आणि आणखी दहा-बारा अंशांनी पूर्ण उघडली. घरच्यांनी ते पातेले नंतर वापरायला साफ नकार दिला, हा खर्च संचाच्या किमतीत धरायला हवा. बसवताना झडपेवरची छोटी खुळखुळणारी पिन वरच्या बाजूला येईल हे पाहावे, म्हणजे चक्रातली हवा तिथून निघून जाते. ती खाली आली तर हवा अडकते आणि नवे काम करूनही गाडी पहिल्याच दिवशी तापते.

जीपचे दुखणे एवढ्यावर संपले नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत माती, पाचटाचे कण आणि किडे यांचा चक्क पापुद्रा जमला होता, जो पुढून पाहिल्यास दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतल्यावर जमिनीवर जो राडा पडला तो पाहून मावसभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. गाडी धुण्याच्या जोरदार पंपाने हे काम करू नये, त्याने जाळीची पाती आडवी होतात. धुण्यापूर्वी चढणीला फोनवर ११० अंश दिसत होते, धुतल्यावर १०४, आणि थर्मोस्टॅट बसवल्यानंतर त्याच चढणीला ९६. या तीन आकड्यांपैकी एकही प्रेशर टेस्टरने दिलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याने दिले ते एवढेच की गळती शोधण्यात आम्ही एकही दिवस वाया घालवला नाही.

तिसरी गाडी एका शेजाऱ्यांची, आणि तिचे दुखणे खरोखरच हेड गॅसकेटचे निघाले. त्यासाठीही हा संच एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडतो. थंड इंजिनावर पाच-सहा पीएसआय दाब भरून इंजिन चालू करायचे आणि पहिल्या मिनिटाकडेच लक्ष द्यायचे. इंजिन गरम होताना दाब हळूहळू वाढणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी अजून गार असतानाच काटा झपाट्याने चढू लागला किंवा थरथरू लागला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असा संशय धरावा. काटा झपाट्याने चढतो आहे असे दिसताच इंजिन बंद करून कळीने दाब सोडावा, थांबून पाहत बसू नये. शेजाऱ्यांच्या गाडीत काटा अर्ध्या मिनिटात पंधराच्या पुढे गेला. खात्रीसाठी मी रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी वेगळी मागवली. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या निळ्या द्रवातून खेचली आणि तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा पडतो. तो पडला. त्यांनी हेड उतरवून घेतले, आणि दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर गॅसकेट जळालेले दिसले. इथे एक सावधगिरी सांगतो: तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस दिसला की लगेच हेड गेले असे पुष्कळ जण म्हणतात, परंतु पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणाने तसा फेस जमतो. डिपस्टिकवरचे तेलही तसेच दिसले, तरच काळजी करावी.

चौथ्या गाडीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ती शहरात उभी असताना तापायची, हमरस्त्यावर गार राहायची, आणि अशा लक्षणाला पंखा आणि त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) सोडून इतरत्र पाहण्याचे सहसा कारण नसते. शेजारच्या हॉर्नचा रिले अदलाबदल करून पाहिला, पंखा फिरला, दीडशे रुपयांत काम झाले. संच पेटीतून काढलाही नाही.

आता तक्रारी. पहिली तक्रार गेजची. ओळखीच्या टायरवाल्याकडील गेजशी टी-जोड लावून तुलना केली तेव्हा माझा गेज सगळीकडे एक पीएसआय जास्त दाखवतो असे आढळले. दाब उतरतो का, हे पाहण्यासाठी एवढ्या फरकाने बिघडत नाही. झाकण नेमके कितीला सुटते, हे पाहताना मात्र तो वजा करावा लागतो, आणि त्या हिशेबाने ते नवे झाकण प्रत्यक्षात आठलाच सुटत होते. दुसरी तक्रार नळीची: ती आखूड आहे, त्यामुळे गेज बॉनेटच्या आत कुठेतरी लोंबकळत राहतो आणि तो वाचायला वाकावे लागते. तिसरी तक्रार माहितीपत्रकाची, जी वर आलीच आहे. ॲडॉप्टरवर कोणता कोणत्या गाडीचा, हे आकड्यांनी दिलेले आहे आणि त्या यादीत आपल्याकडच्या गाड्यांची नावे फारच थोडी आहेत. त्यामुळे प्रत्येक नव्या गाडीवर तीन-चार नग फिरवून पाहण्यात पंधरा मिनिटे जातात.

संचासोबत कूलंट निर्वाताने भरण्याचा जोडही येतो, ज्यामुळे हवा अडकण्याचा प्रश्न राहत नाही. परंतु त्याला एअर कॉम्प्रेसर लागतो, तो माझ्याकडे नाही, म्हणून त्याविषयी मत देत नाही. मी आजही पुढची चाके उंचावर चढवून, हीटर सोडून, झाकण उघडे ठेवून हवा काढतो. भरताना बोअरचे पाणी वापरू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो, कारण त्यातले क्षार तापलेल्या धातूवर किटलीच्या तळासारखा थर धरतात आणि कोणताही पंप तो थर दाखवीत नाही. कूलंटच्या रंगावरून जात ओळखू नये. गुलाबी, हिरवा, निळा हे कारखान्याच्या मर्जीचे रंग आहेत, प्रमाण नव्हे. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि गाडीच्या पुस्तिकेशी जुळवावे.

एकच गाडी असलेल्या आणि ती नवी असलेल्या माणसाने हा संच घेऊ नये. त्याच पैशांत ओबीडी रीडर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही येऊन काही पैसे उरतील, आणि तेच रोज उपयोगी पडतील. गाडी आठ-दहा वर्षांची असेल, बॉटलमधली पातळी महिन्याला बोटभर उतरत असेल आणि कोणी हेड उतरवण्याचा सल्ला दिला असेल, तर मात्र हेडला हात लावू देण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे. स्वतः करा किंवा टेस्टर असलेले गॅरेज शोधा. मागवण्यापूर्वी आपल्या गाडीचे झाकण उघडून पाहावे. पिळून अडकणारे दोन कानांचे जुन्या धाटणीचे झाकण असेल तर कुठलाही संच चालतो. पेचाचे प्लास्टिक झाकण असेल तर आट्यांचा व्यास मोजून विक्रेत्याला तोच ॲडॉप्टर आहे का, हे लेखी विचारावे. मी विचारले नव्हते, केवळ नशिबाने हिरवा नग बसला.

वॉटर बॉडी बदलून आणि जुनेच झाकण परत लावून आता पाच महिने झाले. बॉटलवर मी तेव्हा पेनाने ओढलेली रेघ आणि आजची पातळी यांत केसाचे अंतर आहे, आणि परवा पोफळीहून वर येताना एसी चालू असताना फोनवर ९७ च्या पुढे आकडा गेला नाही. संच सध्या माझ्याकडे नाही. वॉटर बॉडी बसवणाऱ्या फिटरने तो दोन दिवसांसाठी मागून नेला, त्याला तीन आठवडे झाले. परत येईल तेव्हा निळ्या ॲडॉप्टरचे वॉशर बदललेले असेल, असे त्याने कबूल केले आहे.